ठाणे म्हणते दवाखाना, दवाखाना म्हणतो ठाणे



कापसाचा भाव, विजेचे बिल, पीकविमा हे आपले नेहमीचे विषय. आज वेगळ्याच विषयावर लिहितो आहे आणि लिहिताना संकोचही वाटतो आहे. घरात कोणाचे डोके फिरले तर आपण शेजाऱ्यालाही सांगत नाही. सोयरीक मोडेल, पोरीचे लग्न अडेल, ही भीती. पण जिल्हा बैठकीला निघालेल्या माणसांपैकी किती जणांच्या भावकीत असा एखादा माणूस आहे हे मोजायला बसलो तर हाताची बोटे पुरायची नाहीत. म्हणून लिहितो.

आमच्या भावकीतला एक पोरगा. नाव सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू, त्यात दोन भाऊ. बोंडअळीने ओळीने दोन हंगाम खाल्ले तेव्हा तो भिवंडी तालुक्यातल्या काल्हेरला गेला. काल्हेर म्हणजे ठाण्याहून भिवंडीला जाताना खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी लागते, त्याला लागून. एके काळचे भातशेतीचे गाव. आता जिकडे पाहावे तिकडे गोदामे. मुंबईच्या माणसाने घरबसल्या मागवलेली वस्तू अशाच गोदामांतून निघते. पलीकडे यंत्रमागांची भिवंडी. आपला कापूस सूत होऊन त्या बाजूला जातो आणि आपला पोरगा हमाल होऊन.

रातपाळी, पत्र्याखालचा उकाडा, एका खोलीत आठ जण. चार रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता असे सोबतचे नंतर सांगत होते. पाचव्या रात्री तो खोक्यांच्या थप्पीवर चढला, ‘माल पेटला, माल पेटला’ म्हणून ओरडू लागला आणि सदरा काढून रस्त्यावर ट्रेलरच्या मधून धावत सुटला. लोकांना वाटले चोर. दोन-चार जणांनी हात धुऊन घेतले. गस्तीवरचा एक हवालदार तिथे पोचला म्हणून पोरगा वाचला. त्याने गर्दी हटवली, पोराला रस्त्याच्या कडेला बसवले, पाणी दिले, खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. रात्रीचे दोन वाजले होते. ‘काका, हा तुमचा पोरगा का? घाबरू नका, गुन्हा नाही काही. डॉक्टरकडे नेतोय.’ एवढेच बोलला.

आधी साध्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीण बाईने ताप पाहिला, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. गावाकडून कधी आला, फवारणी केली होती का, दारू घेतो का, घेत असेल तर सोडून किती दिवस झाले, हे सगळे सोबत्यांना विचारले. मला ते तेव्हा उगाच वाटले होते, आता वाटत नाही. कीटकनाशक अंगात गेले की माणूस असंबद्ध बडबडतो. पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी त्याला नाही नाही ते दिसू लागते. मेंदूत गेलेला ताप, उतरलेली साखर, यांतही माणूस वेड्यासारखा वागतो. २०१७ च्या फवारणीत यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा वेडा कोण आणि विषबाधा झालेला कोण, हे पोलिसाने ठरवायचे नसते. गाडीत घालणारा पोलीस असेल, पण पहिला हात डॉक्टरचा लागला पाहिजे.

तिथून पोराला ठाण्याच्या मनोरुग्णालयात हलवले. काल्हेरहून अंतर दहा-बारा किलोमीटर. १९०१ साली उभे राहिलेले ते रुग्णालय, जुन्या हिशेबाने १८५० खाटांचे. मी रेल्वेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो, कागदांवर सह्या केल्या. तीन आठवड्यांनी पोरगा माझ्याशी नीट बोलला. म्हणाला, ‘काका, पऱ्हाटी कशी आहे?’

इथे गोष्ट संपती तर मी हा लेख लिहिला नसता.

घरी आल्यावर वर्षभर गोळ्या चालल्या. मग बरा आहे म्हणून आम्हीच सोडवल्या. चूक आमची. पुन्हा झोप गेली, पुन्हा ‘पेटले, पेटले’ सुरू झाले आणि एका संध्याकाळी तो विळा घेऊन स्वतःच्याच आईच्या अंगावर गेला. आम्ही चौघांनी धरले आणि बैलाच्या कासऱ्याने बाजेला बांधले. गाठ मी मारली. ज्या पोराला खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवले, त्याच्या मनगटाला.

रात्री जीप करून पोलीस ठाण्यात गेलो. कोणते ते सांगत नाही, कारण ते कोणतेही असू शकते. जमादार म्हणाला, ‘भाऊ, यानं गुन्हा कोणता केला ते सांगा. गुन्हा नाही तर इथं काऊन आणला?’ दवाखान्यात गेलो. तिथे म्हणाले, ‘असा पेशंट आम्ही ठेवत नाही, मानसोपचाराचे डॉक्टर नाहीत, पोलिसांचे पत्र आणा.’ परत ठाण्यात. ‘आधी डॉक्टरचा दाखला आणा.’ रात्रभर जीप दोन दारांमध्ये फिरत राहिली आणि पोरगा मागच्या बाकावर कासऱ्याने बांधलेला. पहाटे उसनवारी करून नागपूरचा रस्ता धरला. ज्याच्यापाशी जीपचे भाडे नसेल त्याने काय करायचे? तो माणूस घराच्या मागे गोठ्यातच बांधलेला राहतो. वर्षानुवर्षे राहतो. तामिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा खांबाला साखळदंडाने बांधलेली २८ माणसे जागच्या जागी जळून गेली. त्यांनाही घरच्यांनीच तिथे नेऊन सोडले होते, बरे वाटावे म्हणून.

नंतर मी कायदा मिळवून वाचला. वाचून संताप आला, कारण त्या रात्री दोन्ही दारांवर आम्हाला जे सांगितले गेले ते साफ खोटे होते.

संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला, २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याचे कलम १०० सरळ पोलिसांसाठी आहे. आपल्या हद्दीत भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा किंवा मानसिक आजारामुळे स्वतःला वा दुसऱ्याला धोका असलेला माणूस आढळला तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. मेहरबानी नाही, कर्तव्य. कारण त्याला किंवा त्याच्या माणसाला सांगायचे, शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात एक तासही ठेवायचे नाही. दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणीची व्यवस्था करायची. भरती करण्याची गरज नाही असे ठरले तर पोलिसांनीच त्याला घरी पोचवायचे. बेवारस भटकणारा असेल तर हरवल्याची नोंद करून त्याचे घरदार शोधायचे. यात ‘गुन्हा कोणता’ हा प्रश्न कुठेच नाही आणि ‘आधी दाखला आणा’ हेही नाही.

डॉक्टरांसाठी कलम ९४ आहे. माणूस स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव धोक्यात घालत असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, कोणत्याही दवाखान्यात, घरी सुद्धा, ७२ तासांपर्यंत तातडीचा उपचार करू शकतो. नातेवाईक हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. मनोरुग्णालयापर्यंत पोचवणे हाही त्या उपचाराचाच भाग. म्हणजे ‘आमच्याकडे मानसोपचाराचे डॉक्टर नाहीत’ ही सबब ग्रामीण रुग्णालयाला देता येत नाही. शेवटी त्या रात्री लागत होते ते एक इंजेक्शन आणि एक गाडी. अँब्युलन्ससुद्धा हृदयविकाराच्या रोग्याला जशी मिळते तशीच मनोरुग्णाला मिळाली पाहिजे, असे कलम २१ मध्ये लिहिले आहे.

पूर्वी असे नव्हते. इंग्रजांच्या १९१२ च्या वेड्यांच्या कायद्यात आणि त्यानंतर १९९३ पासून लागू झालेल्या १९८७ च्या कायद्यातही पोलिसाने धरलेल्या माणसाला आधी न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे होते. आजारी माणसाची वाट कोर्टातून जायची. कित्येक जण तर ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ म्हणून थेट तुरुंगात जात. गुन्हा काही नाही, शिक्षा काही नाही, सुटकेची तारीखही नाही. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी ही लढाई सर्वोच्च न्यायालयात नेली आणि १९९३ साली न्यायालयाने सांगितले की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. एवढे होऊनही आमच्या जमादाराला अजून गुन्हाच हवा होता.

मग अडते कुठे? माझ्या मते जमादार दुष्ट नव्हता आणि तो डॉक्टरही नव्हता. जमादाराकडे रात्री तीन माणसे. त्यातले दोघे एका रोग्यामागे गेले तर ठाणे ओस. डिझेल कोणत्या खात्यातून? दवाखान्यात रोग्याजवळ कोण थांबणार, पोलीस की वॉर्डबॉय? तो पळाला, त्याने काच फोडून घेतली तर चौकशी कोणाची? डॉक्टरला हीच भीती. दोन भावांच्या वावरांमधल्या धुऱ्यासारखे आहे हे. तण दोघांनाही दिसते, पण उपटायचे कोणी हे वाटणीपत्रात लिहिलेले नाही. कायद्याने दोघांवर काम टाकले, पण या दोघांनी एकत्र कसे वागायचे याचा कागद माझ्या जिल्ह्यात मला कुठल्याच दारावर पाहायला मिळाला नाही. काल्हेरला पोरगा वाचला तो एका हवालदाराच्या माणुसकीने आणि दहा-बारा किलोमीटरवर रुग्णालय होते म्हणून. राज्याची जुनी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही नाही. नांदेडच्या माणसाने येरवडा गाठायचे म्हणजे चारशे किलोमीटरच्या वर. शहरात माणुसकीवर निभावले तरी निभावते. आपल्याकडे अंतरच इतके की नुसत्या माणुसकीचे डिझेल पुरत नाही.

इंग्लंडात हा घोळ वेगळ्या रूपात होता. तिथे पोलीस धरायचे आणि दवाखान्यात जागा नाही म्हणून कोठडीत ठेवायचे. २०१४ साली तिथल्या पोलीस, आरोग्य, अँब्युलन्स या सगळ्या खात्यांनी बसून एक करार केला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत आपापले करार झाले. २०१७ साली धरून ठेवण्याची मुदत कायद्याने ७२ तासांवरून २४ वर आणली. तिथेही सगळे गोड नाही. आमचा सगळा वेळ दवाखान्याच्या बाकावर जातो अशी पोलिसांची ओरड अजून आहे. पण भांडण निदान कागदावर आहे, रात्री दोन वाजता रोग्याच्या आईसमोर नाही.

आता कोणी विचारील की आयुष्यभर सरकारच्या नावाने खडे फोडणारे आपण, आंदोलनात आपल्यालाच उचलून गाडीत कोंबणारे हे पोलीस, त्यांच्या हाती माणूस धरून नेण्याची आणखी एक सत्ता द्यायची? ठाणेदार आणि डॉक्टर एकत्र आले म्हणजे आनंद मानायचा की धास्ती घ्यायची?

प्रश्न खरा आहे. सातबाऱ्यावरून भावाचे नाव उडवण्यासाठी त्याला वेडा ठरवायचे, नकोशी झालेली बायको माहेरी नाही तर मनोरुग्णालयात धाडायची, असले उद्योग आपल्यातही होतात. आपण काही सगळे साधुसंत नाही. म्हणून कायद्याची दुसरी बाजू माहीत असली पाहिजे. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कोणी ‘अस्थिर मनाचा’ ठरत नाही, त्यासाठी सक्षम न्यायालयाचा निकाल लागतो. तेव्हा दवाखान्याचा कागद दाखवून कोणी वाटणीतून हात पुसू लागला तर त्याला हे ऐकवा. माणसाच्या स्वतःच्या संमतीशिवाय भरती करायची तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्यातला एक मानसोपचाराचा डॉक्टर. मुदत ३० दिवस. पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावे लागते, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीनच दिवसांत. फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तो हक्क आहे हे सांगण्याची जबाबदारी पोलिसावरही आहे. साखळदंडाने बांधायला पूर्ण बंदी. ही मंडळे आपल्या राज्यात नीट चालत नाहीत म्हणून मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना उच्च न्यायालयात जावे लागले, यातच सरकारची तत्परता समजते. जिथे मंडळच झोपलेले आहे तिथे तीन दिवसांत कळवून उपयोग कोणाला? म्हणून मी म्हणतो की पोलीस-दवाखाना एकत्र यावेत, पण उजेडात यावेत. स्टेशन डायरीत वेळ लिहिलेली असावी, कोणी आणले, कोणी तपासले, कुठे पाठवले, सगळे. नोंदीशिवाय झालेली मदत उद्या नोंदीशिवाय झालेली अटक होऊ शकते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांना याहून जवळची आहे. जिवावर उदार झालेल्या माणसाला आपण दवाखान्यात न्यायला कचरतो, पोलीस केस होईल म्हणून. त्या कचरण्यात एक-दोन तास जातात आणि तेवढ्यात माणूस जातो. भावांनो, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच धरून चालावे, त्याच्यावर खटला भरू नये, शिक्षा करू नये, असे याच कायद्याचे कलम ११५ सांगते. उलट त्याची काळजी घेणे, उपचार देणे ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली, तिच्यासोबत आत्महत्येच्या प्रयत्नाचे कलम ३०९ ही गेले. दवाखाना अजूनही पोलिसांना कळवील, पोलीस जबाब घेतील. जबाब म्हणजे आरोप नव्हे. तेव्हा आधी गाडी काढा. (नव्या संहितेत कलम २२६ मात्र आहे. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्याकडून काम करवून घेण्यासाठी कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत शिक्षा. आमरण उपोषणाला बसणाऱ्यांनी वाचून ठेवावे. सरकारला कोणाची काळजी वाटते ते यावरून दिसते.)

आणि पोलिसांपर्यंत जाण्याची पाळीच का यावी, हाही प्रश्न आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत काही वर्षांपूर्वी ‘विश्राम’ नावाचे काम झाले. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले. सुरुवातीला उदासीच्या आजाराने ग्रासलेल्या शंभरातले चार जणच कोणाकडे उपचाराला जात होते. दीड वर्षाने ते प्रमाण २७ वर गेले. कापसाचाच मुलूख, आपल्यासारखीच माणसे. सरकारनेही २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला. तुमच्या गावात त्या नावाने कोण आले, कधी आले, हे बैठकीत सांगा. १४४१६ हा फुकट फोन आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलतात. मी स्वतः लावून पाहिला आहे. उदासीचे मूळ भावात आहे हे मला कोणी शिकवायला नको. पण भाव मिळेपर्यंत माणूस जगला पाहिजे.

बैठकीत मी एवढेच मांडणार आहे. पोलीस अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून एका पानाचा कागद काढावा. रात्री कोणत्या तालुक्याचा रोगी कोणत्या दवाखान्यात न्यायचा, गाडी १०८ ची की पोलिसांची, नागपूरपर्यंत सोबत कोण जाणार, दवाखान्यात हवाली केल्याची पावती कोण देणार. तालुक्याच्या दवाखान्यात एक खोली आणि लागणारी औषधे त्यासाठी कायम राखलेली असावीत. पोलिसांना या कायद्याचे शिक्षण वेळोवेळी देणे सरकारवर बंधनकारक आहे, ते आपल्या जिल्ह्यात शेवटचे कधी दिले त्याची तारीख द्यावी. तो कागद प्रत्येक ठाण्यात आणि ग्रामीण रुग्णालयात दर्शनी भिंतीवर मराठीत लावावा, आणि एक प्रत पोलीस पाटलाकडे. यात सरकारला नवा कायदा करायचा नाही आणि आपण अनुदानही मागत नाही.

आमचा पोरगा सध्या घरी आहे. गोळी त्याची आई स्वतःच्या हाताने देते. या हंगामात वेचणीला तो होता. काल्हेरला परत जायचे म्हणतो, मी अजून हो म्हटलेले नाही. तो कासरा मी बैलाला पुन्हा लावला नाही, आढ्याला टांगून ठेवला आहे.

ज्यांच्या घरात असे काही घडले असेल आणि चारचौघांत बोलणे जड जात असेल, त्यांनी बैठकीच्या आधी चिठ्ठी लिहून द्यावी. कोणत्या दारावर काय सांगितले गेले, किती वाजता, जीपचे भाडे किती पडले, एवढे लिहिले तरी पुरे. नाव लिहू नये. अधीक्षकांपुढे ठेवायला मला चिठ्ठ्यांचा गठ्ठा हवा आहे.